न चालणारे मशीन

मशीन चालता कामा नये, असे माईंनी ठरवले होते. आणि माईंनी एकदा ठरवले, की त्या घरात विजेचा पंखासुद्धा परवानगी घेऊन फिरत असे. तेव्हा योजना फसण्याचा प्रश्नच नव्हता!

आता कोणी विचारील, की मशीन चालवायचेच नव्हते तर विकत कशाला घेतले? तर ते विहीणबाईंमुळे घ्यावे लागले.

विहीणबाई म्हणजे सूनबाईंची आई. निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरी संपून नऊ वर्षे झाली, तरी नजर अजून लाल शाईचीच होती. त्या जेवायला बसल्या की ताटाकडे अशा पाहत, की वाढणाऱ्याला निकाल ऐकायला थांबावेसे वाटे. महिन्यामागच्या एका रविवारी त्या स्वतः विणलेला स्वेटर घालून आल्या. त्या स्वेटरचे कौतुक सगळ्यांनी दोनदा केले, चिरंजीवांनी तर चारदा केले, तरी विषय काही बदलेना.

"शेवटी हातात कला लागते हो, विहीणबाई," त्या माईंना म्हणाल्या.

"कला?" माईंनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. "या घरातले पडदे, अभ्रे, पोरांचे कपडे, सगळं या हातांखालून गेलंय. माझ्या टिपेला पट्टी लावून बघा. पट्टी वाकडी निघेल, टीप नाही!"

"असं? मग मला एक उशीचा अभ्रा शिवून द्या की. मी समोर बसून बघेन."

"आत्ता दिला असता! पण मशीन कुठंय? विकून वीस वर्षं झाली."

विषय इथेच संपायचा. कोणत्याही शहाण्या घरात तो इथेच संपला असता. पण चिरंजीवांचे औषधांचे दुकान होते. दिवसभर परक्यांच्या दुखण्यांवर उपाय काढून देण्याची त्यांना खोड लागलेली होती.

"त्यात काय, माई!" ते उत्साहाने म्हणाले. "जुन्या सामानाच्या दुकानात पायमशीनं पडलेली असतात. एक आणू, दुरुस्त करू. पुढच्या महिन्यात सासूबाई आल्या, की अभ्रा तयार!"

माईंनी मुलाकडे अशा नजरेने पाहिले, की शेजारच्या घरातले दूध नासावे. पण चिरंजीव त्या वेळी वाटीत बघत होते.

"जरूर आणा," माई म्हणाल्या. दुसरे म्हणणार काय?

खरी गोष्ट पृथ्वीच्या पाठीवर दोनच माणसांना ठाऊक होती. माईंना शिवता येत नव्हते. हात वाईट नव्हते. सगळा घोळ पायांचा होता. माईंनी मशीनच्या जाळीवर पाय ठेवला, की चाक हटकून उलटे फिरे, दोरा गुंतून त्याचे चिमणीचे घरटे होई आणि सुई तुटून कपाळाच्या दिशेने झेप घेई. पडदे, अभ्रे, पोरांचे कपडे शिवले होते ते अप्पांनी.

अप्पा म्हणजे माईंचे यजमान. उभी नोकरी नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे सरळ रेघ हा त्यांचा स्वभावच झालेला. पण पुरुषमाणूस शिवायला बसतो हे चारचौघांत कळले तर कसे दिसेल, असे लग्नानंतर पहिल्याच वर्षी माईंनी विचारले होते. अप्पा 'बरं' म्हणाले होते. तेव्हापासून माई शिवायला बसल्या, की खोलीचे दार आतून बंद होत असे. आत अप्पा मशीनवर, आणि माई शेजारच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. तासाभराने दार उघडे आणि माई नवा कोरा सदरा दोन बोटांत धरून बाहेर येत. "हुश्श!" म्हणत. मागून अप्पा येत. त्यांच्या बाहीला दोरे चिकटलेले असत. पण अप्पांच्या बाहीकडे बघतो कोण?

एका अभ्र्यापायी हे सगळे उघडे पडणार होते. तेही विहीणबाईंसमोर! सत्तेचाळीस वर्षांचा दरारा एका उशीखाली गुदमरणार होता. म्हणून माईंनी योजना आखली : मशीन आणायचे, पण असे आणायचे, की प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने हत्यारे घेऊन बसावे आणि संध्याकाळी हात टेकून घरी जावे. 'मी तयारच होते हो, मशीनच दगा देतंय,' असे म्हणायला मग माई मोकळ्या.

"मशीन येईल," माईंनी अप्पांना आतल्या खोलीत बजावले, "पण ते चालता कामा नये. कळलं?"

"बरं," अप्पा म्हणाले.

*

सूनबाईंना घेऊन माई जुन्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार मोठ्या अदबीने पुढे आला आणि त्याने एका काळ्याभोर मशीनवरचे फडके काढले.

"हे बघा, बाई. ऐंशी वर्षांचं असेल, पण एकदम चालू! चाकाला नुसतं बोट लावा."

माईंनी बोट लावले. चाक झर्रकन फिरले. माई चटका बसल्यासारख्या मागे सरल्या.

"हे नको."

"का हो? आवाजसुद्धा नाही त्याला!"

"तेच म्हणते मी. जे मशीन आवाज करत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. दुसरं दाखवा."

दुसरे खडखडत होते, पण चालत होते. तिसऱ्याचा फक्त पट्टा तुटला होता. चौथ्याला नुसते तेल हवे होते. माईंनी तिन्हींना नाक मुरडले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यांखाली गेली.

"ते काय आहे?"

"ते? ते मशीन होतं."

"होतं म्हणजे?"

"म्हणजे आता नाही. पुराच्या पाण्यात चार दिवस बुडालेलं. पुढं दोन वर्षं त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. मी ते मोडीत द्यायला काढलंय."

"चाक फिरतं?"

"नाही."

"सुईचा दांडा खालीवर होतो?"

"नाही."

"पायाखालची जाळी हलते?"

"बाई, ते अख्खं मशीन मला जागचं हलवता येत नाही, तुम्ही जाळीचं काय घेऊन बसलात!"

माईंच्या चेहऱ्यावर प्रसन्न हसू पसरले. "हेच द्या."

दुकानदार घुटमळला. बिचाऱ्याला सदसद्विवेकबुद्धी होती. "बाई, हे तुमच्या गळ्यात मारलं तर मला झोप लागायची नाही हो."

"झोपेच्या गोळ्या माझ्या मुलाच्या दुकानात मिळतात. बांधा!"

"माई, तुम्ही याच्यात काय बघितलंत?" सूनबाईंनी दबक्या आवाजात विचारले.

"ते तुला नाही दिसायचं," माई म्हणाल्या. यात असत्य असे काहीच नव्हते.

परंतु सूनबाईंनी घरी येऊन जे सांगितले ते असे : "चार मशीनं नाकारली माईंनी! आणि पाचवं नुसतं लांबून ओळखलं! पोत्याखालून! अशी पारख जन्मात पाहिली नाही."

मशीन घरी आले. म्हणजे चार हमालांनी आणले आणि मग चौघेही ओसरीवर पाठ टेकून पडले. माईंनी ते दिवाणखान्यात खिडकीशी ठेवायला लावले, त्याच्याकडे मायेने पाहिले आणि हुकूम सोडला.

"करा दुरुस्त!"

*

या घराची एक रीत होती. माईंनी सांगितलेले काम जमेल की नाही, असे कोणी विचारत नसे. आणि काम कुठवर आले, हेही कोणी कोणाला सांगत नसे. कारण माईंच्या कानावर गेले तर माई सूचना करीत, आणि माईंनी सूचना केली की काम पहिल्यापासून करावे लागे. म्हणून जो तो आपापली वेळ साधून यायचा, मुकाट्याने हातभार लावायचा आणि निघून जायचा. चिरंजीव दुकान बंद करून आल्यावर पॉलिश पेपर घेऊन बसत. सूनबाई दुपारी रॉकेलचा बोळा फिरवीत.

पहिले आठ दिवस योजना उत्तम चालली. म्हणजे मशीन मुळीच चालले नाही. रोज सकाळी माई चाकाला हात लावीत, चाक डोंगरासारखे अचल असे, आणि माई "अरेरे!" म्हणून निश्चिंत मनाने चहा घ्यायला जात.

नवव्या दिवशी त्यांनी हात लावला आणि चाक फिरले.

"हे कोणी फिरवलं?" माई गरजल्या.

चिरंजीवांना वाटले, बायकोने. सूनबाईंना वाटले, नवऱ्याने. दोघेही गप्प राहिले आणि दोघेही कौतुकाने हसले. अप्पा वर्तमानपत्रात होते.

माई आपल्या खोलीत आल्या आणि विचारात पडल्या. मशीन स्वतःहून मरायला तयार नसेल, तर त्याला मदत केली पाहिजे.

चिरंजीवांनी नवा रबरी पट्टा आणून लावला होता. दुपारी घर शांत झाल्यावर माईंनी तो कात्रीने कापला आणि तुकडे कचऱ्यात टाकले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो मशीनवर जाड चामड्याचा झकास पट्टा!

"हा कुठून आला?"

"माई, तुम्हाला रबरी पट्टा पसंत नव्हता हे तुकडे बघूनच कळलं मला," चिरंजीव म्हणाले. "तुमचंच बरोबर. अशा मशीनला रबर शोभतच नाही. मग मी माझा कमरेचा चामड्याचा कापून लावला!" बोलताना त्यांनी एका हाताने पँट धरून ठेवली होती.

माईंनी दुसरा उपाय केला. चिरंजीवांच्याच दुकानातले खोकल्याचे औषध घरात होते. काळे, घट्ट, चमचा उभा राहील असे. माईंनी अख्खी बाटली तेलाच्या भोकांतून मशीनच्या पोटात रिकामी केली. 'आता हलून दाखव!' असे त्यांनी त्या मशीनला तोंडावर सांगितले.

सकाळी सूनबाई धावत आल्या. "माई, तुम्ही काल मशीनमध्ये काय घातलंत?"

"का? काय झालं?"

"अहो, सगळा जुना गंज सुटून आला! खाली पाटभर काळं पाणी, आणि मशीन आतून लख्ख! आणि हे कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धरून बसलेत. म्हणतात, जुन्या माणसांना काय काय ठाऊक असतं!"

चिरंजीव नुसते म्हणून थांबले नाहीत. त्या आठवड्यात त्यांच्या दुकानातून ते औषध तिघांनी कुरकुरणाऱ्या दारांसाठी नेले. पैकी एकाचे दार कायमचे बंद झाले, ही गोष्ट निराळी.

आता मात्र माई हट्टाला पेटल्या. सुईखाली, मशीनच्या पोटात एक होडीसारखा तुकडा असतो. त्याला शटल म्हणतात. खालचा दोरा त्याच्यात राहतो आणि त्याच्यावाचून एक टाकासुद्धा पडत नाही. माईंनी तो तुकडा काढला, कपाटातल्या एका लोकरी मोज्यात खोल कोंबला आणि कपाट लावून टाकले. दुसऱ्या दिवशी शटल मशीनमध्ये! घासूनपुसून! वर दोरासुद्धा भरलेला!

चिरंजीव काही बोलले नाहीत. सूनबाई काही बोलल्या नाहीत. माई कपाट उघडून उभ्या राहिल्या. मोजा तिथे नव्हता. आणि मग त्यांच्या लक्षात आले, की मोजा कोणाचा होता.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माई दिवाणखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीतून कोवळा उजेड आला होता. मशीनसमोर अप्पा बसले होते. एका पायात तो लोकरी मोजा, दुसऱ्या पायात त्याचा जोडीदार. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हातात पिसाची काडी घेऊन ते मशीनला थेंब थेंब तेल पाजत होते, आणि गुणगुणत होते. माईंनी त्यांना गुणगुणताना ऐकून किती वर्षे झाली, ते माईंना आठवेना.

"तुम्ही?"

अप्पांनी वर पाहिले. "हं."

"मी काय सांगितलं होतं? चालता कामा नये!"

"सांगितलं होतंस. मी बरं म्हटलं."

"मग?"

"मग काय?" अप्पांनी चाकावरून हात फिरवला. "हाताला राहवेना गं. पहिल्या दिवशी म्हटलं, नुसतं उघडून बघावं. तू ते औषध ओतलंस ना, त्या दिवशी तर पहाटे तीन बादल्या कढत पाणी ओतावं लागलं मला. पण आतलं काम काय सुरेख आहे! ये, बघ."

माईंनी ओरडण्यासाठी भरघोस श्वास घेतला होता. तो तसाच, आवाजाशिवाय, बाहेर गेला. वीस वर्षांपूर्वी मशीन विकताना त्यांनी अप्पांना विचारले नव्हते. सांगितले होते. अप्पा 'बरं' म्हणाले होते आणि त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले होते. पोटाचे काहीतरी असेल म्हणून माईंनी त्यांना ओवा दिला होता.

"चहा घेतलात का?" माईंनी विचारले.

"नाही अजून."

माईंनी चहा आणला. स्वतःच्या हातांनी आणला. आणि मग त्या मूळ पदावर आल्या.

"पण परवा ती येणार! माझं काय?"

"मी शिवतो. तू बस पेपर वाचत."

"समोर बसणार आहे ती! चष्मा लावून! दार लावून घेता येणार नाही!"

माईंनी मशीनकडे पाहिले. वर टेबल, खाली लोखंडी पाय, मध्ये जाळी. हात आपले आपल्या ताब्यात आहेत. प्रश्न फक्त पायांचा आहे. आणि पाय टेबलाखाली असतात. टेबलाखाली कोण बघतो?

"तुम्ही खाली बसायचं," माई म्हणाल्या.

"कुठं खाली?"

"मशीनखाली. वरून जमिनीपर्यंत चादर टाकू. तुम्ही आत बसून हातांनी जाळी चालवायची. मी वर कापड धरते. एक लाथ मारली की चालू. दोन मारल्या की थांबायचं. तीन मारल्या की जोरात."

"मला आत खोकला आला तर?"

"यायचा नाही."

"बरं," अप्पा म्हणाले.

*

रविवारी विहीणबाई आल्या. अंगात तोच स्वेटर, हातात अभ्र्याचे कापड, आणि पर्समध्ये खरोखरची लाकडी फूटपट्टी! मशीन पाहून मात्र त्याही क्षणभर थबकल्या. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी उमटली होती. चाकात तोंड दिसत होते.

"ही चादर कशाला हो, विहीणबाई?"

"पायांना वारा लागतो."

"आणि अप्पासाहेब कुठं दिसत नाहीत?"

"फिरायला गेलेत."

"या थंडीत?"

"त्यांना थंडीच आवडते."

खालून काहीतरी करकरले. बहुधा गुडघा असावा.

"मशीन जुनं आहे," माई म्हणाल्या.

"पण अजून चालू कुठं केलंत?"

"म्हणूनच करकरतंय!"

विहीणबाई अगदी कोपराला कोपर लावून बसल्या. चिरंजीव आणि सूनबाई मागे उभे राहिले. माईंनी लोकरी जाकिटाच्या बाह्या सावरल्या, सुईखाली कापड घातले आणि पाय चादरीत सरकवून हलकेच एक लाथ मारली.

आणि काय सांगावे! मशीन असे चालू लागले, की जणू साय कापत निघाले. माईंनी कापड नुसते धरले होते. टीप आपली आपण पुढे पळत होती. पहिली बाजू झाली. दोन लाथा. मशीन थांबले. विहीणबाईंनी फूटपट्टी काढून टिपेला लावली. चष्मा वर केला, खाली केला.

"हं," त्या म्हणाल्या.

या 'हं'ला शंभरापैकी निदान पंच्याऐंशी गुण होते! चिरंजीवांचा ऊर भरून आला. "बघितलंत, सासूबाई? आमचं लहानपण याच टिपेत गेलंय!"

माईंच्या अंगावर मूठभर मांस चढले. दुसरी बाजू त्यांनी मान किंचित वर करून शिवली. तिसऱ्या बाजूला तर त्या बोलू लागल्या.

"त्याचं काय आहे, विहीणबाई, शिवण ही तालाची विद्या आहे. पाय आणि हात एका तालात—"

"पण तुमचे पाय कुठं हलताहेत?"

"अं?"

"चादर हलत नाहीये तुमच्या गुडघ्यांपाशी. मघापासून बघतेय मी."

"जुन्या पद्धतीत पाय दिसेल असे हलवत नाहीत."

"म्हणजे कसे हलवतात? बघू तरी!"

आणि विहीणबाई चादर उचलायला झुकल्या. त्यांचा डावा हात तोल सावरण्यासाठी मशीनच्या पाट्यावर आला, उजवा चादरीकडे गेला. माईंनी झडप घालून विहीणबाईंचे डावे मनगट धरले आणि मशीन थांबवण्यासाठी लाथा मारल्या. दोनच मारायच्या होत्या. पण अशा वेळी मोजतो कोण? सहा बसल्या!

टेबलाखाली अप्पांनी हिशेब केला. तीन म्हणजे जोरात. सहा म्हणजे दुप्पट जोरात. त्यांनी बाह्या सरसावल्या.

टकटकटकटकटकटक! सुईला जणू पंख फुटले. अभ्रा संपला, सुई स्वेटरच्या बाहीवर चढली. माईंनी विहीणबाईंचा हात आपल्याकडे ओढला, त्याबरोबर माईंच्या जाकिटाची बाही सुईखाली गेली. विहीणबाईंनी तिकडे ओढले, माईंनी इकडे ओढले; कापड गोल गोल फिरू लागले आणि सुई कोणताही पक्षपात न करता दोन्ही विहिणींच्या बाह्या सारख्याच टाक्यांनी शिवत सुटली.

"थांबा! थांबा म्हणते ना!" माई ओरडल्या.

"मी कुठं जातेय!" विहीणबाई किंचाळल्या.

'थांबा' हे आपल्याला नसून पाहुण्यांना आहे, अशी अप्पांची समजूत झाली. माई त्यांच्याशी इतक्या आर्जवाने कधी बोलल्याच नव्हत्या. त्यांनी वेग वाढवला!

चिरंजीव धावले, पण पँट सावरायची म्हणून एकाच हाताने धावले. सूनबाईंनी एकदा आईकडे पाहिले, एकदा सासूकडे पाहिले आणि कोणाला आधी सोडवावे हे न ठरल्यामुळे डोळे मिटून घेतले.

मग एकाएकी टकटकीचा सूर बदलला. मशीन थांबले. आणि चादरीआडून शांत, अनुभवी आवाज आला :

"वरचं रीळ संपलं गं. बदल."

विहीणबाईंनी मोकळ्या हाताने चादर वर केली. आत अप्पा मांडी घालून बसले होते. कपाळावर घाम, चष्म्यावर तेल, चेहऱ्यावर अपार समाधान.

"अप्पासाहेब!"

"नमस्कार, विहीणबाई."

"अप्पा, तुम्ही फिरायला गेला होता ना?" चिरंजीवांनी विचारले.

"हो. आलो."

"तुम्ही खाली काय करत होता?" विहीणबाईंचा आवाज थेट परीक्षेच्या वर्गातला होता.

अप्पांनी माईंकडे पाहिले. माईंनी डोळ्यांनी अनेक सूचना केल्या. पण अप्पा सरळ रेघेचा माणूस.

"चालवत होतो," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"सत्तेचाळीस वर्षं. मधली मशीन नव्हतं ती वीस सोडून."

विहीणबाई ताडकन उठल्या. अभ्र्याने माईंनाही उठवले. दोघी मनगटाला मनगट शिवलेल्या अवस्थेत, एकाच बेडीतल्या दोन कैद्यांसारख्या उभ्या राहिल्या. चिरंजीवांनी कात्री आणली, तशा दोघी एकदम ओरडल्या.

"माझ्या स्वेटरला कात्री लावायची नाही! एक टाका तुटला तर गळ्यापर्यंत उसवेल!"

"माझ्या जाकिटाला हात लावशील तर याद राख!"

शेवटी अप्पा बाहेर आले. गुडघे चोळत खुर्चीत बसले, दोघींना समोर बसवले, ते शिवलेले मनगटांचे गाठोडे मांडीवर घेतले आणि दाढीच्या पात्याने एक एक टाका उसवू लागले.

"टीप पक्की बसलीय," ते म्हणाले. "तास-दीड तास लागेल. हलू नका."

विहीणबाईंनी सवयीने फूटपट्टी उचलली आणि आपल्या मनगटावरच्या टिपेला लावली. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"सरळ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अप्पासाहेब, हात आहे हो तुमचा!"

अप्पा लाजले. या वयात, सगळ्यांसमोर, कानापर्यंत लाजले. माईंनी ते पाहिले आणि दुसरीकडे बघितले.

चिरंजीव अजून जागचे हलले नव्हते. त्यांच्या डोक्यात सगळे बालपण उसवत होते.

"अप्पा," त्यांनी विचारले, "म्हणजे माझा शाळेचा सदरा?"

"मी."

"सहलीची पिशवी?"

"मी."

"निळा कोट? तो दोन खिशांचा?"

"मीच. खिशांना आतून अस्तर लावलं होतं, आठवतं?"

"आणि ती खाकी पँट?" चिरंजीवांनी पँट सावरून धरली. "जिचा एक पाय वीतभर आखूड होता? जी घालून मी वर्षभर एका बाजूला वाकून शाळेत जायचो?"

अप्पांचे पाते थांबले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. विहीणबाईंनी मान वळवून अगदी जवळून माईंकडे पाहिले. दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

माईंनी मान ताठ केली.

"ती मी शिवली होती," त्या म्हणाल्या. "तुझे अप्पा तापाने पडले होते म्हणून. आणि पँट बिनचूक होती. तुझाच एक पाय लांब होता!"